एजंट म्हणाला टायटल क्लिअर आहे: रिसेल फ्लॅटसाठी स्वतःचा वकील लावल्याचा अनुभव

आधीच सांगते, वकीलबाईंचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण थोड्या तक्रारीही लिहायच्यात आणि त्यांना विचारलेलं नाही. रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी चार. तो एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

आम्ही महाराष्ट्रातच एक जुना फ्लॅट घेतला, सोसायटीतला, रिसेल. बिल्डरकडून नवीन घेताना निदान महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट बघता येतो, रजिस्टर्ड करारनामा केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत वगैरे नियम आहेत. रिसेलमध्ये समोर एक माणूस (आमचे विकणारे गृहस्थ, त्यांना आम्ही काका म्हणायचो), त्याची एक फाइल आणि मध्ये एजंट, एवढंच. आमचा एजंट पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणत होता, "मॅडम टायटल एकदम क्लिअर आहे, शेअर सर्टिफिकेट काकांच्या नावावर आहे, अजून काय पाहिजे." टायटल म्हणजे मालकी हक्क. त्याच्याच ओळखीच्या एका वकिलाचा दोन पानी रिपोर्टही त्याने आणून दिला, तेरा वर्षांचा सर्च (म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा शोध) आणि खाली लिहिलेलं की मालमत्ता निर्वेध व बोजारहित आहे. नवरा तर तयारच होता, म्हणाला बँक लोन देतेय म्हणजे बँकेच्या वकिलाने बघितलंच असेल ना, आपण परत कशाला खर्च करायचा. मला पण क्षणभर पटलं होतं खोटं कशाला बोलू.

पण माझ्या मैत्रिणीने या बाईंचं नाव दिलं म्हणून गेलो. पहिल्या मीटिंगला त्यांनी बँकेचा विषय दोन मिनिटांत संपवला. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, त्याचा रिपोर्ट बऱ्याचदा तुम्हाला हातात पण मिळत नाही, आणि उद्या भांडण लागलं तरी तुमचा हप्ता काही थांबत नाही. मग रजिस्ट्रार ऑफिसचं विचारलं, की तिथे तपासतातच ना सगळं? तर नाही. दुय्यम निबंधक बघतो ते मुख्यतः मुद्रांक बरोबर भरलाय का, सही करणारा तोच माणूस आहे का, त्याला दस्त कबूल आहे का. विकणारा खरा मालक आहे का याचा निवाडा तो करत नाही. मी इतकी वर्षं समजत होते की रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने शिक्का मारला की घर तुमचं.

मग फाइल उघडली. आणि इथे मला त्यांची पद्धत खरंच आवडली, त्यांनी सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडले, सगळ्यात जुना डावीकडे, आणि जिथे एका कागदातून दुसरा कागद कसा आला ते कळत नाही तिथे मध्ये मोकळी जागा सोडली. डावीकडे १९८४ चा बिल्डरबरोबरचा करारनामा, काकांच्या वडिलांच्या नावाचा, पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. उजवीकडे काकांच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट. मध्ये टेबल रिकामं.

पाच रुपयांचा स्टॅम्प बघून मी घाबरले, कारण एजंटच म्हणाला होता की जुन्या करारनाम्याला कधीकधी मोठी पेनल्टी लागते. त्या म्हणाल्या तारीख बघा. महाराष्ट्रात फ्लॅटच्या करारनाम्यावर खरेदीखतासारखं पूर्ण मुद्रांक शुल्क लागायला लागलं ते १० डिसेंबर १९८५ पासून, त्याच्या आधीचे पाच रुपयांवरचे करारनामे भरपूर सापडतात. नंतरचा असता आणि शुल्क कमी भरलेलं असतं तर दंड लागला असता, आणि तो कोण भरणार हे आधी ठरवावं लागलं असतं. करारनामा नोंदवलेला होता हे नशीब. ही भीती फुकटची निघाली.

खरी गोष्ट त्या रिकाम्या जागेत होती. "वडिलांकडून यांच्याकडे कसा आला?" त्यांनी विचारलं. एजंट म्हणाला नॉमिनेशन होतं ना मॅडम, वडील २००६ ला गेले, काका नॉमिनी होते, सोसायटीने ट्रान्सफर करून दिलं. त्यावर बाईंनी एका जुन्या कॉज लिस्टचा (कोर्टातल्या खटल्यांच्या यादीचा) पाठकोरा कागद ओढला आणि वंशावळ काढायला घेतली. वर वडील, शेजारी आई, खाली काका. "अजून कोण?" काका जरा थांबून म्हणाले, एक बहीण आहे, पण तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली.

लग्न झालंय म्हणून हिस्सा जात नाही, हे आपल्याकडे अजून किती लोकांना माहीत नाही. मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे बायको, मुलगा, मुलगी तिघांना सारखा वाटा, म्हणजे एक तृतीयांश. पुढे आई गेल्या, त्यांचंही मृत्युपत्र नाही, तर त्यांचा वाटा परत दोघा मुलांत. म्हणजे आम्ही काकांकडून जो फ्लॅट पूर्ण पैसे देऊन घेणार होतो त्यातला अर्धा काकांचा नव्हताच. नॉमिनीला सोसायटी मेंबर करून घेते कारण तिला मेंटेनन्सची पावती कोणाच्या तरी नावाने फाडायची असते. त्याने तो मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळणारा होतो. शेअर सर्टिफिकेटचं पण तेच, ते सोसायटीचं सभासदत्व दाखवतं.

काकांचा काही वाईट हेतू नव्हता हं. ते म्हणाले बहिणीने हक्क सोडलाय, कागद आहे घरी. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेलं हक्कसोडपत्र, बहिणीची सही, दोन साक्षीदार, लाल गोल शिक्का, सगळं व्यवस्थित. बाईंनी वाचलं आणि परत दिलं. नोटरी चालत नाही. स्थावरातला (घर-जमिनीतला) शंभर रुपये किंवा त्याच्या वरच्या किमतीचा हक्क सोडायचा तर तो दस्त नोंदवावाच लागतो, नोंदणी कायदा १९०८, कलम १७. आणि आता जाऊन तोच कागद नोंदवू म्हटलं तर तेही नाही, सही झाल्यापासून चार महिन्यांत तो निबंधकाकडे न्यावा लागतो, फार तर दंड भरून अजून चार महिने. यांच्या कागदाला कितीतरी वर्षं झालेली. नोटरी म्हणजे सही या माणसाने माझ्यासमोर केली एवढंच. मला वाटतं हा एक मुद्दा कळला तरी बऱ्याच लोकांचे पैसे वाचतील कारण आमच्या नात्यातच दोन घरांत असे नोटरी केलेले कागद कपाटात जपून ठेवलेले आहेत.

आणि तो एजंटचा दोन पानी रिपोर्ट? त्यात वारसांचा एक शब्द नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सरकारी सूची, तिच्यात जे दस्त दिसतात तेवढेच बघितलेले. वारसा इंडेक्स टू मध्ये दिसत नाही कारण माणूस मेला की दस्त होत नाही, हक्क आपोआप जातो. आमच्या बाईंनी सर्च पण तीस वर्षांच्या वर मागे नेला. मी विचारलं तेराचं काय बिघडतं, तर म्हणाल्या तेरा हा आकडा मालमत्तेच्या ताब्याचा दावा लावायच्या बारा वर्षांच्या मुदतीवरून लोक धरतात, पण गहाण सोडवून घ्यायची मुदत तीस वर्षं आहे आणि सरकारला दावा लावायची पण तीस, म्हणून तीस. शिवाय इंडेक्स टू वर बँकेचं कर्ज दिसेलच असं नाही, मूळ कागद ठेवून घेऊन कर्ज दिलं जातं त्यात काही जुनी कर्जं नोंदणीत येतच नाहीत, म्हणून सेरसाईवर (कर्जासाठी तारण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) वेगळं बघितलं आणि काकांकडे मूळ करारनामा आहे का ते डोळ्यांनी बघितलं. झेरॉक्स नाही, मूळ. मूळ कागद कुठे आहे हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा विचारला की काका शेवटी हसायला लागले.

पुढे काय करायचं याचे दोन रस्ते त्यांनी समजावले. एक, बहिणीने पण विकणारी म्हणून आमच्या दस्तावर सही करायची आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात. दोन, तिने आधी काकांच्या नावे नवीन हक्कसोडपत्र रजिस्टर करून द्यायचं आणि मग काकांनी एकट्याने विकायचं. पहिल्यात आमच्यासाठी काम एकाच दस्तात होतं पण मग बहिणीचा टीडीएस, तिचा कॅपिटल गेन, सगळं तिच्या मागे. तिला पैसे नकोच होते म्हणून दुसरा रस्ता ठरला. एजंट म्हणाला त्यांना एवढ्या लांबून कशाला आणता, काकांच्या नावाने पॉवर, म्हणजे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी), मागवून घेऊ. बाई पहिल्यांदाच चिडल्या. ज्याचा फायदा त्याच्याच हातात पॉवर, आणि उद्या बहीण म्हणाली मला माहीतच नव्हतं तर? आणि पॉवर देणारा माणूस गेला तर पॉवर पण त्याच्याबरोबर संपते. पॉवर ऑफ ॲटर्नीवर घर विकलं म्हणजे मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय, तरी लोक अजून तसे फ्लॅट घेतात असं त्या म्हणाल्या.

वारस दाखला कोर्टातून काढायचा का यावर पण चर्चा झाली. तो अजून १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली मिळतो, हे ऐकून मला गंमतच वाटली. त्यात वेळ गेला असता. शेवटी दोन्ही मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहीर नोटीस आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र यावर आमची बँक तयार झाली. प्रत्येक बँक होईलच असं नाही, आधी विचारून घ्या. जाहीर नोटीस म्हणजे ती पेपरात बारीक अक्षरात येते ना, "तमाम लोकांस कळविण्यात येते की", तीच. चौदा दिवसांची मुदत दिली होती, कोणी आलं नाही.

बहीण आल्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते तोवर. रजिस्ट्रार ऑफिसमध्ये त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना, वयामुळे रेषा पुसट झालेल्या, तीनदा पुसून परत ठेवला. ऑपरेटर दमला पण मावशी शांत. मग बाहेर बाकावर बसल्यावर मला हळूच म्हणाल्या, "तेव्हा पण मी मनापासूनच सही केली होती गं, त्या कागदाला काय कमी होतं ते मला अजून कळलं नाही." मी काय सांगणार.

आता विसार (बयाणा) पावतीबद्दल, कारण हे मुळात आधी व्हायला हवं होतं आणि आम्ही जवळजवळ चुकलोच होतो. एजंटने पहिल्याच आठवड्यात छापील फॉर्म पुढे केला होता, त्यात लिहिलेलं की घेणाऱ्याने माघार घेतली तर विसार जप्त. विकणाऱ्याने माघार घेतली तर? त्यावर ओळच नाही. आणि लोन नामंजूर झालं तर? तेही नाही. बाईंनी तो फॉर्म बाजूला ठेवून स्वतःचा दीड पानी लिहिला. टायटलच्या कारणाने बँकेने लोन नाकारलं तर पूर्ण रक्कम परत, हक्कसोडपत्र अमुक तारखेपर्यंत नोंदवलं नाही तर पूर्ण परत, काका फिरले तर विसाराच्या वर भरपाई. रोख द्यायची नाही, एजंट थोडी रोख म्हणत होता पण घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो हे ऐकल्यावर काकाच नको म्हणाले.

बाकी छोटे प्रश्न पटापट. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराची) किंमत यात जी जास्त त्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का पण तीस हजारांच्या वर नाही. स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे म्हणून नवरा लगेच म्हणाला तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ, दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही. बाईंनी मला नाही, त्यालाच विचारलं, हप्ता कोण भरणार, करात वजावट कोण घेणार, ते आधी सीएला विचारा आणि मग सवलत मोजा. शेवटी दोघांच्याच नावावर घेतलं. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, हे काम आपलं असतं आणि बरेच जण विसरतात. विकणारा परदेशात राहणारा असेल तर मात्र हा एक टक्का विसरा, तिथे वेगळा आणि बराच जास्त कर कापावा लागतो, थेट सीएकडे जा. सोसायटीचं ना हरकत पत्र आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सक्तीचं नाही पण बँक मागतेच, आणि महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. त्याच्या नावाखाली "डोनेशन" मागितलं तर नियम दाखवायचा, एवढं बाईंनी शिकवून ठेवलं होतं, आम्हाला दाखवायची वेळ आली नाही.

एक गोष्ट त्यांनी लेखी दिली जी मला आधी नकोशी वाटली. मालमत्ता पत्रकावर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. चाळीस वर्षं झाली तरी. त्या म्हणाल्या याने तुमचा फ्लॅट अडत नाही, पण पुढे रिडेव्हलपमेंट आलं की इथेच गाडी थांबते, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडून करून घ्यायचं कन्व्हेयन्स) करून घ्यायला सोसायटीला सांगत राहा. एजंटच्या रिपोर्टमध्ये हे असतं तर कदाचित भावात थोडी घासाघीस केली असती, आता काय.

आमचा जुना फ्लॅट विकताना पण त्यांनाच धरलं. विकताना काम कमी असतं असं वाटलं होतं. पण लोन फेडल्यावर बँकेकडून मूळ कागद आणि बोजा उतरवल्याचं पत्र आणणं, घेणाऱ्याने कापलेल्या टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घेणं, आणि ताबा कधी द्यायचा. घेणारा म्हणत होता दस्त झाला की लगेच किल्ली द्या, त्याच्या बँकेचा चेक आठ दिवसांनी येणार होता. बाईंनी लिहून घेतलं की शेवटचे पैसे खात्यात जमा झाल्यावरच ताबा, आणि ताबा पावती वेगळी. थोडं कडक वाटलं तेव्हा. चेक आठचा सतरा दिवसांनी आला.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. म्हणजे नाहीच. कोर्टात असतात हे मान्य पण संध्याकाळी पण नाही, मग रात्री पावणेअकराला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज, त्यात अर्धा वेळ मागे प्रेशर कुकरची शिट्टी. मसुदा आठवड्यात देते म्हणाल्या आणि अठरा दिवस लावले, तेवढ्यात आमच्या लोन मंजुरीची मुदत संपत आली होती आणि मला रोज घाम फुटत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटच्या मसुद्यात नवव्या पानावर दुसऱ्याच कोणाच्या फ्लॅटचा नंबर राहिला होता, ज्युनिअरने जुन्या दस्तावरून कॉपी पेस्ट केलेलं. मी नोंदणीच्या स्लॉटच्या आदल्या रात्री पेनाने ओळ ओळ वाचत होते म्हणून सापडलं. तसंच नोंदवलं गेलं असतं तर चूक दुरुस्तीपत्र करायला काकांना आणि आम्हाला सगळ्यांना परत तिथे उभं राहावं लागलं असतं. सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली, रात्रीच बदलून पाठवलं, फी पण थोडी कमी केली मी न मागता. पण जी बाई दुसऱ्याच्या कागदातली एक मोकळी जागा हेरते तिच्या स्वतःच्या कागदात हे व्हायला नको होतं. एक स्टार यासाठी.

एजंटच्या त्या वकिलाला मी काही रेटिंग देत नाही, त्याने जे बघितलं ते बरोबरच होतं म्हणा, कमी बघितलं. एजंट अजून सांगतो की मॅडमनी उगाच लांबवलं, बहीण काय कोर्टात जाणार होती का. नसतीही गेली. पण मावशींना दोन मुलगे आहेत आणि ते आम्हाला ओळखतही नाहीत.

कोणी जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा, तेव्हा निवांत असतात. वीस प्रश्न असतील तर लिहून न्या, एकेक विचारला तर मधेच फोन येतो आणि विषय राहतो. आणि सगळ्या कागदांचे झेरॉक्स दोन सेट आधीच काढून न्या, ऑफिसात मशीन आहे पण मी सहा वेळा गेले, सहाही वेळा बंद होतं.